तणाव्याला टेकून

टॅमरॅक रिज, विस्कॉन्सिन
११ जून १९७८

चि. हार्लन यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे शिणले, म्हणून शेवटी मीच कागद घेऊन बसले. तू माझ्या पत्राची वाट बघणार आणि मी तुझ्या. आपण दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय होणार!

इकडे सगळं ठीक. पहिलं गवत कापून झालं, पाऊस मध्ये आला नाही. डेलचा मिनियापोलिसहून फोन येतो, पण त्याच्या बोलण्यात आता गाई येत नाहीत, ऑफिसच येतं. मुलगा शेतावर परत येईल ही आशा मी सोडली आहे. तुझ्या दाजींनी सोडली की नाही ते कळत नाही, कारण ते बोलतच नाहीत. फेब्रुवारीत गाईंच्या चाऱ्याच्या, मुरघासाच्या मनोऱ्यावरून पडले, खांदा मोडला, तेव्हा शेजाऱ्यांनी येऊन दूध काढलं हे तुला लिहिलंच होतं. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, आता बैल उचललात तरी चालेल. पण बादली अजून डाव्या हाताने उचलतात. विचारलं तर म्हणतात, सवय झाली.

आता कामाचं. आपल्या चर्चला यंदा शंभर वर्षं होतात, म्हणून जुलैत मोठं वनभोजन आहे. चर्चच्या बायकांमधली लव्हॉन म्हणाली की मुलांसाठी काहीतरी खेळ हवा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या भावाकडे घण मारून घंटा वाजवायचा खांब आहे. आता सगळ्या बायका माझ्या मागे लागल्यात. तर तो घेऊन ये. मात्र तुझ्या त्या चेंडू मारून पाडायच्या बाहुल्या आणू नकोस. मागे तू त्यांचा फोटो पाठवलास, तो तुझ्या दाजींनी गोठ्यात लावलाय. म्हणतात, तेव्हापासून उंदीर कमी झाले.

लग्न केलं असतंस तर हा पसारा घरात आलाच नसता. पण ते जाऊ दे. ये लवकर. माया आहे तशीच ठेव, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
आर्डिसताई


रॅसीन
२० जून १९७८

ती. सौ. आर्डिसताईस,
हार्लनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटाच हसलो. एकटा तरी कुठे म्हणा, खिडकीत पत्र्याची बदकं ओळीने बसलेली आहेत आणि फ्रीजच्या शेजारी नशिबाचं चाक उभं आहे. ते फिरवल्याशिवाय मी सकाळची कॉफी घेत नाही. आज नऊवर थांबलं, आणि दुपारी तुझं पत्र आलं.

खांब आणतो. नुसता आणत नाही, मिरवत आणतो. गेल्या हिवाळ्यात बाराबूजवळ एका जत्रावाल्याच्या बाईने तो विकला. बिचारीच्या कोंबड्या त्यावर बसायच्या. मी आठवडेच्या आठवडे कापसाच्या बोळ्याने घाण काढली, तेव्हा खालून रंग वर आला. ताई, तो रंग बघच तू! लाल अक्षरं, त्यांना सोनेरी कड, आणि खालच्या फळीवर घण बसला की लोखंडी गुटका जिथवर उडतो त्या प्रत्येक पायरीवर एकेक टोमणा. सगळ्यात खाली ‘पाळण्यात जा’, मग ‘आईचं लेकरू’, मग ‘शाळामास्तर’ (ही माझी जागा!), मग ‘गडी’, मग ‘पैलवान’, आणि वर घंटा. ज्याने हे रंगवलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याला कुठे पुरलं तेही नाही. पण ‘पैलवान’ या शब्दाखाली त्याने सशाचं एक एवढंसं चित्र काढलंय, का ते त्यालाच माहीत. अशा माणसांसाठीच मी हे सगळं जमवतो.

मिलवॉकीच्या वस्तुसंग्रहालयातले एक गृहस्थ मागच्या महिन्यात येऊन गेले. तासभर बाहुल्यांपुढे बसले आणि म्हणाले, ही खरी लोककला आहे, मिस्टर ब्रेक्के, तुम्ही ती वाचवलीत, आपण तिचं प्रदर्शन मांडू. शाळेत मात्र मला सगळे भंगारवाला म्हणतात. सुतारकाम शिकवणारा भंगारवाला. म्हणून वाटतं, आपल्या गावाने एकदा तरी बघावं. दाजींनीसुद्धा. त्यांना सांग, उंदरांचं श्रेय मला मिळालंच पाहिजे.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ मला लहानपणापासून पोटभर मिळालाय, पण अजून थोडा वाढलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
हार्लन


रॅसीन
१८ जुलै १९७८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. खांब ट्रकमध्ये व्यवस्थित होता, एक टवकासुद्धा उडाला नाही. तू बांधून दिलेला रुबार्बचा केक वाटेतच संपला.

वनभोजन फार छान झालं, नाही का? बटाट्याचं सॅलड लव्हॉनचं होतं ना? पाद्रीबाबांनी घंटा वाजवली तेव्हा त्यांची टोपी उडाली, ते आठवून मी गाडीत हसत होतो. मुलांनी तर खांब सोडलाच नाही. तुमचे लोक चांगले आहेत. माझ्या खेळाकडे इतक्या प्रेमाने कुणी बघितलं नव्हतं.

दाजींचा खांदा कसा आहे? त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं असं वाटलं. ऊनही फार होतं म्हणा.

इकडे मला एक वाऱ्यावर फिरणारा लाकडी लाकूडतोड्या मिळालाय. वारा आला की करवत चालवतो. अंगणात लावलाय. शेजारीण म्हणते की तुमच्या घरात काम करणारा हा एकच. शाळा उघडायच्या आत कोठीची साफसफाई काढायची आहे, त्यामुळे पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस. घाईत लिहितोय, पण नमस्कार घाईतला नाही.

तुझा,
हार्लन


टॅमरॅक रिज
२ ऑगस्ट १९७८

चि. हार्लन यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला वेळ लागला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझे दाजी वनभोजनापासून जवळजवळ मुके झालेत. आधी निदान हवेबद्दल तरी बोलायचे. परवा संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाले की गाई काढून टाकायच्या. मला वाटलं थट्टा करतायत. तर म्हणाले, हात गेलाय. सगळ्या गावाने बघितलं, पाद्र्याला जमलं ते मला जमलं नाही, एवढे घाव घातले तरी गुटका ‘आईचं लेकरू’च्या वर गेला नाही. असल्या हाताने गाई कशाला ठेवायच्या?

काल लिलाव पुकारणारा येऊन गेला. गोठ्यातून फिरला, प्रत्येक गाईच्या पाठीवर हात ठेवून बघत होता. सोळा सप्टेंबर ठरली. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्यासाठी कॉफी केली, आणि माझ्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं. त्याने ती मुकाट्याने पिऊन टाकली. भला माणूस.

हार्लन, हे एकसष्ट वर्षांचे आहेत. यांच्या वडिलांनी मरायच्या दिवशी सकाळचं दूध काढलं होतं. गाई गेल्यावर हा माणूस उठून करणार काय? तू पुरुष आहेस, तू काहीतरी लिही. माझं ऐकत नाहीत.

काळजी तुझ्यावर टाकते आहे, ती मायेपोटीच समज.

ताई


रॅसीन
७ ऑगस्ट १९७८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप उडाली. दाजींना माझ्या वतीने हे वाचून दाखव: तो खेळ आहे, डॉक्टरची तपासणी नाही. खांब पन्नास-साठ वर्षांचा जुना. फळी कधी फुगते, तार कधी अडते. घण लहान मुलांच्या आणि पाद्र्यांच्या हातात बरोबर बसतो, मोठ्या माणसाला तो बोजड जातो. शिवाय नेम लागतो, ताकद नव्हे. जत्रांमधून भलेभले लोहार घंटा न वाजवता घरी गेलेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐरण उचलली आहे. एका दुपारच्या गमतीवरून कुणी गोठा मोकळा करतं का?

लिलाववाल्याला थांबवता येईल तर थांबवा. निदान पुढच्या वसंतापर्यंत.

लोभ असू दे.

हार्लन


टॅमरॅक रिज
१५ ऑगस्ट १९७८

चि. हार्लन यास अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. नसतं दाखवलं तर बरं झालं असतं. अर्ध्यावर आले तेव्हाच ते उठले. दारात उभं राहून म्हणाले, बाहुल्या खेळणारा मेव्हणा आता माझी कीव करायला लागला, मग राहिलं काय? आणि गोठ्यात निघून गेले.

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? त्या दिवशी ते घाव घालत होते ना, तेव्हा सुरुवातीला सगळे हसत होते, मीही हसले. मग त्यांनी टोपी काढून लव्हॉनच्या नवऱ्याकडे दिली आणि पुन्हा घण उचलला. पुन्हा. मान लाल झालेली, सदरा पाठीला चिकटलेला. लोक हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. आणि मला यांची लाज वाटली, हार्लन. सदतीस वर्षं ज्यांच्या शेजारी झोपले त्यांची! मी वळले आणि कॉफीच्या टेबलाकडे जाऊन धुतलेले कप पुन्हा पुसत बसले. शेवटचे घाव मी पाहिलेच नाहीत, नुसते ऐकले. आता रात्रंदिवस मला त्या वाटण्याची लाज वाटते. त्यांनी मला जाताना बघितलं असेल का? विचारायची हिंमत नाही.

तुझा खांब चांगला रंगवलेला आहे, तुझा जीव आहे त्यावर, मला माहीत आहे. पण मला तो पुन्हा दिसला तर मी त्याच्या ढलप्या काढीन. रागावू नकोस. आशीर्वाद आहेतच.

ताई


रॅसीन
१९ ऑगस्ट १९७८

ती. सौ. ताईस,
तुझ्या पाया पडून लिहितोय.

उभ्याने वाचत असशील तर बस. आणि दाजी जवळ असतील तर पत्र मिटून ठेव, मग वाच.

दाजींच्या हातात काही खोट नाही. निदान त्या दुपारी घंटा वाजली नाही ती त्यांच्या हातामुळे नाही. माझ्यामुळे.

तो लोखंडी गुटका एका तारेवरून वर जातो. ही तार वरच्या टोकावरून फिरून खांबाच्या मागच्या तणाव्याला, म्हणजे आधाराच्या ताणदोरीला, जोडलेली आहे. खेळ चालवणारा माणूस त्या तणाव्याला पाठ टेकून उभा असतो, दमल्यासारखा. पाठ टेकलेली असली की तार ताठ, गुटका सरळ वर. पाठ काढली की तार सैल पडते, गुटका लटपटत खांबाला घासतो आणि मध्येच मरतो. बाहेरून काही दिसत नाही. जत्रावाले याच्यावर जगायचे: किडकिडीत पोराला घंटा वाजवू द्यायची, आणि मैत्रिणीला घेऊन आलेल्या दांडग्या गड्याला नाही. गडी पेटतो आणि पुन्हापुन्हा येतो. खांब घेतला तेव्हा त्या बाईने मला हे दाखवलं होतं. मिलवॉकीच्या गृहस्थांना मी हे मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं होतं, केवढी हुशारी बघा म्हणून.

त्या दिवशी मी सगळ्यांसाठी टेकून उभा होतो. मुलांसाठी, पाद्रीबाबांसाठी. मनात काही नव्हतं, खरंच. पण जेवताना दाजींनी टेबलावर सगळ्यांना सांगितलं ना, की आम्ही ज्या लाकडाने चूल पेटवतो त्याला हा शहरातला मास्तर दाम मोजतो, छप्पन्न वर्षांचा झाला, बायको मिळाली नाही म्हणून लाकडाच्या आणून ठेवल्यात. सगळे हसले. पाद्रीबाबा हसले, तू हसलीस, मीही हसलो. त्या क्षणापासून जत्रेतला खेळवाला आणि मी, आमच्यात काही फरक उरला नाही. नंतर ते बाह्या सारत खांबाशी आले आणि मी सरळ उभा राहिलो. एवढंच केलं, ताई. सरळ उभा राहिलो.

वाटलं होतं, दोन घाव असेच जाऊ देऊ, तिसऱ्याला टेकू. पण लोक हसायला लागले आणि मला मजा वाटली. हो, मजा वाटली. मग हसणं थांबलं, तू निघून गेलीस तेही मी पाहिलं, आणि तरी मी टेकलो नाही. आता अचानक घंटा वाजली तर काहीतरी काळंबेरं आहे हे त्यांना कळेल, या भीतीने. शेवटी त्यांनी घण खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि मला थँक्यू म्हणाले.

मागचं पत्र मी लिहिलं, फळी फुगते आणि घण बोजड, तेही खोटंच. खरं लिहायचं धैर्य नव्हतं म्हणून खोटेपणाला सहानुभूतीचा कोट चढवला, आणि तू ते खोटं त्यांना जेवताना वाढलंस.

माफी मागायला तोंड नाही. तू सांगशील ते करीन.

हार्लन


टॅमरॅक रिज
२३ ऑगस्ट १९७८

हार्लन,

आज आशीर्वाद लिहवत नाही.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू येशील आणि त्यांच्या समोर उभा राहून सांगशील. आणि मग रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी सगळ्यांना सांगशील, कारण जे सगळ्यांच्या देखत गेलं ते कोपऱ्यात परत देता येत नाही. लिलाव पुढच्या महिन्यात आहे.

राहायची सोय माझ्या घरी होणार नाही. तालुक्याच्या गावी मोटेल आहे.

आर्डिस


रॅसीन
५ सप्टेंबर १९७८

ती. सौ. ताईस,
हार्लनचा सा. न. तू घे अथवा घेऊ नकोस.

चर्चमध्ये जे झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. गोठ्यात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून लिहितो.

शनिवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा दाजी दूध काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, मोटेलात उतरलायस म्हणे, तुझ्या बाहुल्यांना कुणी आत घेतलं की नाही? मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते एका गाईवरून दुसऱ्या गाईकडे जात राहिले, मी त्यांच्या मागून सांगत. एकदाच थांबले. तार कुठून कुठे जाते ते पुन्हा सांग म्हणाले. मी सांगितलं. मग विचारलं, तू टेकला असतास तर वाजली असती का? मी म्हणालो, माहीत नाही दाजी, आता ते कधीच कळणार नाही. मी म्हणालो, खांब ट्रकमध्ये घालून आणतो, तुम्ही पुन्हा मारा, मी दहा हात लांब उभा राहतो. म्हणाले, खांबाला विचारून जगायचं का आता? आणि कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं. आलायस तर शेण ओढ. मी ओढलं. ते शिव्या देतील, निदान एक ठोसा तरी लगावतील असं वाटत होतं. तो मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी मी बोलत होतो तेव्हा मला फक्त चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. मग लव्हॉनने विचारलं, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांचीही घंटा तूच वाजवलीस का रे? सगळे त्यांच्याकडे वळले, आणि तो सज्जन माणूस कानापर्यंत लाल झाला. मी एकट्या दाजींना नाही, सगळ्या गावालाच फसवलं हे मला तिथे उभं असताना कळलं. वनभोजनात घंटा वाजवली म्हणून जो लहान मुलगा आईकडे धावत गेला होता, त्याने माझ्याकडे जसं बघितलं ते लिहीत नाही.

आणि दाजी खिडकीशी बसले होते ते बसलेच. मान वर केली नाही. कपात बघत होते. माझं तोंड बघायची त्यांची इच्छा नाही हे मी समजलो. लिलाव रद्द करा असं मी जाताना पुन्हा विनवलं, तर म्हणाले, ठरलंय ते ठरलंय.

घरी आलो आणि दिवा लावला. बाहुल्या, बदकं, चाक, सगळं जागच्या जागी. मी वर्षानुवर्षं त्यांचा रंग बघत आलो. हे सगळं कुणाला तरी चारचौघांत, बायकोपोरांसमोर, लहान करायला बनवलेलं आहे हेही मला ठाऊक होतं. पण ती गोष्ट इतर कुणाबद्दलची होती. मिलवॉकीला फोन करून प्रदर्शनाचं नको म्हणून सांगितलंय. खांब शेडमध्ये आहे. जाळायला गेलो होतो, तो ससा दिसला आणि हात चालला नाही. ज्याने तो काढला, त्याच्या खांबाची दोरी माझ्यासारख्याच्या हातात आली यात त्याचा काय दोष?

उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. अपेक्षा नाही म्हणतो, पण पोस्टमनची वेळ झाली की दारात जातो.

हार्लन


टॅमरॅक रिज
रविवार, २४ सप्टेंबर

हार्लन यास,
दाजी व्हर्लिनचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. शेवटचं लष्करातून आईला लिहिलं होतं. तेव्हा अक्षर सांभाळून घे.

लिलाव झाला. दिवस कोरडा होता, माणसं पुष्कळ आली. गाई चांगल्या घरी गेल्या. म्हातारी डचेस नदीपलीकडच्या एका तरुण जोडप्याने नेली. ती ट्रकमध्ये चढेना, मीच पुढे होऊन चढवली. आर्डिस घरात होती. बाहेर आली नाही.

आता जे सांगायला बसलोय ते. लिलाववाल्याला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन केला होता. तुझा खांब इथे यायच्या आधी. आर्डिस त्या दिवशी चर्चच्या बायकांकडे गेली होती.

हात चांगला आहे. हाताचं काही नाही. मला कंटाळा आला होता. हिवाळ्यात पडून होतो, शेजारी दूध काढून जायचे, तेव्हा मी लहानपणानंतर पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपलो. खिडकीतून ऊन पांघरुणावर आलं आणि मी तसाच पडून राहिलो. मला ते आवडलं, हार्लन. मग खांदा बरा झाला, पण बादली मी डाव्या हाताने उचलत राहिलो. माझ्या बापाने मरेपर्यंत दूध काढलं. त्याचा मुलगा धडधाकट असताना म्हणतो, मला झोपायचंय! हे बायकोला कसं सांगणार? ती सगळ्यांना सांगते की यांचा गाईंवर जीव आहे.

तुझ्या खांबावर पहिले घाव मी मनापासून घातले. रागही आला होता. मग गुटका वर जाईना, तेव्हा वाटलं, चला, हे बरं झालं. आता सांगायला कारण मिळालं. लोक हसले ते लागलं, नाही असं नाही. पण कारण मिळालं.

मग तू गोठ्यात येऊन सगळं सांगितलंस. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी तुला शेण ओढायला लावलं. दुसऱ्या दिवशी तू चर्चमध्ये उभा राहिलास, गोठा मोडल्याचं पापही स्वतःच्या डोक्यावर घेतलंस, आणि मी खिडकीशी बसून ऐकलं. उठायला हवं होतं. पाय उचलला नाही. तुला वाटलं असेल मी रागाने बघत नाही. मला बघवत नव्हतं.

तेव्हापासून आर्डिस चांगला तुकडा माझ्या ताटात वाढते. लोकांना सांगते, माझ्या भावाने यांचं आयुष्य मोडलं. तुझं पत्र आलं की न फोडता खणात ठेवते. आणि मी तो तुकडा खातो.

तू जे केलंस ते वाईटच केलंस. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे, या पत्राने ते धुतलं जात नाही. मी टेबलावर बोललो तेही बोलायला नको होतं. पण माझं ओझं मी तुझ्या पाठीवर ठेवलं आणि गावाला बघू दिलं. ते मी काढून घेतो.

मी ठरवलं होतं की आधी हे पत्र पेटीत टाकायचं, म्हणजे मागे फिरता येणार नाही, आणि मगच आर्डिसला सांगायचं. आत्ता लक्षात आलं की आज रविवार. पोस्टमन उद्या येणार. ती मागे वाफ्यात बटाटे काढते आहे. खिडकीतून दिसते आहे. एकदा कंबर धरून उभी राहिली आणि रिकाम्या गोठ्याकडे बघत होती.

तिला सांगून मगच पत्र बंद करावं असंही वाटलं, पण मग लिहवणार नाही. म्हणून आत्ताच बंद करतो आणि वाफ्यात तिच्याकडे जातो. लोभ ठेव म्हणायचा मला हक्क नाही. उरला असेल तेवढा पुरे.

व्हर्लिन